आयरिश मुलींची नावं: वाचायची कशी, निवडायची कशी

आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या माणसाला लवकरच एक सल्ला मिळतो: इथल्या मुलींची नावं कागदावरून वाचायच्या फंदात पडू नका, आधी कुणाच्या तरी तोंडून ऐका. मला तो सल्ला कधीच पटला नाही. मी डब्लिनमधल्या एका पाळणाघरात काम करते. सकाळी दारात उभं राहायचं, कोटांच्या खुंट्यांवरची नावं बघत एकेकीला आत घ्यायचं, हे दिवसाचं पहिलं काम. ही नावं अवघड नाहीत, ती इंग्रजीच्या हिशेबाने वाचली की अडतात. देवनागरीत वाढलेल्या माणसाला तर ती लवकर जमायला हवीत.

आधी अक्षरांचं बघू. परंपरागत आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरं आहेत. त्यात ‘व्ही’ नाही. मग व कुठून आणायचा? ‘बी’ किंवा ‘एम’च्या मागे ‘एच’ लावून. म्हणून एस-आय-ओ-बी-एच-ए-एन हे शिवॉन, आणि एन-आय-ए-एम-एच हे नीव. जुन्या छपाईत हा ‘एच’ नसायचा, व्यंजनाच्या डोक्यावर टिंब असायचं. विसाव्या शतकात रोमन वळणाचे खिळे आले आणि टिंबाच्या जागी ‘एच’ बसला. तेव्हा ‘एच’ दिसला की तो वेगळा उच्चारू नका. आधीचं अक्षर मऊ करायची ती खूण आहे. ‘डी-एच’ किंवा ‘जी-एच’ शेवटी आले तर बहुधा गडपच होतात: फीआ, क्लोडा.

दुसरा नियम ‘एस’चा. शेजारी ‘ई’ किंवा ‘आय’ असेल तर श, ‘ए’, ‘ओ’, ‘यू’ असेल तर स. एस-ए-ओ-आय-आर-एस-ई या एकाच नावात दोन्ही सापडतात: पहिल्या ‘एस’पुढे ‘ए’, म्हणून स, दुसऱ्यापुढे ‘ई’, म्हणून श. झालं सीर्शा. काही घरांत सर्शा म्हणतात, तेही चालतं. ‘सी’ नेहमी क. म्हणून सी-आय-ए-आर-ए लिहिलेली मुलगी इथे कीरा असते, अमेरिकन गायिकेसारखी सिआरा नाही. आणि ‘ए-ओ-आय’ हे तीन स्वर एकत्र दिसले की सरळ ई म्हणा: ए-ओ-आय-एफ-ई, ईफा.

स्वरावर डावीकडून उजवीकडे चढणारी रेघ दिसते, तिला फादा म्हणतात. फादा म्हणजे लांब. आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखंच काम, फक्त ‘ए’वर फादा आला की उच्चार ऑकडे जातो: ऑन्या, ग्रॉन्या. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये ही रेघ उलटी, उजवीकडे उतरणारी असते. कागदावरचं नाव आयरिश की स्कॉटिश हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

माझी पद्धत अशी: नवीन मुलगी आली की वहीत तिचं नाव देवनागरीत लिहायचं आणि आईला विचारायचं, ‘घरी कसं हाक मारता?’ हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण सी-ए-ओ-आय-एम-एच-ई हे उत्तरेकडे कीव्हा आणि दक्षिणेकडे क्वीव्हा. अर्थ दोन्हीकडे तोच, कोमल, लाडकी. शिनेडचा शेवटचा ड आयरिश बोलणाऱ्या घरात जवळजवळ द होतो. इंग्रजीत हा फरक लिहून दाखवता येत नाही, माझ्या वहीत येतो.

आता निवडायचं म्हटलं तर. इथल्या मराठी आया मला हटकून विचारतात, अर्थ काय? अर्थ बघाच, पण त्याआधी गोष्ट बघा. नाव छान आणि गोष्ट भलतीच, असं इथे फार आहे. डिअर्ड्राचं उदाहरण घ्या. ती जन्मण्याआधीच भाकीत झालं की हिच्यापायी अल्स्टरमध्ये रक्त सांडेल. राजाने तिला स्वतःसाठी लपवून वाढवलं, ती नीशा नावाच्या तरुण योद्ध्याबरोबर पळाली, तो मारला गेला आणि शेवटी तीही गेली. तरी नाव लोकप्रिय झालं! माझी हरकत नाही, पण आजीला गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा काय सांगणार, हे आधी ठरवून ठेवा.

ईफा घेतलंत तर तीन ईफा पाठीशी उभ्या राहतात. पहिली योद्धा, जिला दंतकथांतल्या कुहुलिन या वीरापासून मुलगा झाला. दुसरी लिरच्या मुलांची सावत्र आई. मत्सरापायी तिने चारही मुलांचे हंस केले आणि ती मुलं नऊशे वर्षं पाण्यावर राहिली. ही गोष्ट इथलं प्रत्येक पोर शाळेत ऐकतं. तिसरी इतिहासातली, लेन्स्टरच्या राजाची मुलगी. 1170 मध्ये वॉटरफर्डला तिचं लग्न स्ट्राँगबो या नॉर्मन सरदाराशी लागलं आणि नॉर्मनांचे पाय आयर्लंडात पक्के रोवले गेले. त्या लग्नाचं डॅनियल मॅक्लिसने 1854 मध्ये काढलेलं भलंमोठं चित्र डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नवरी मान खाली घालून उभी, आणि भोवती प्रेतांचा खच. नाव ठेवण्याआधी एकदा ते बघून या. तिकीट लागत नाही.

माझी आवडती ग्रॉन्या. गोष्टीतली ग्रॉन्या फिन या म्हाताऱ्या सेनानायकाशी लग्न नको म्हणून साखरपुड्याच्या मेजवानीत सगळ्यांना गुंगीचं पेय पाजते आणि त्याच्याच तरुण योद्ध्याला, डिअर्मुइडला, शपथ घालून पळवून नेते. इतिहासातली मेयोच्या किनाऱ्यावरची दर्यावर्दी. इंग्रजी कागदांत तिला ग्रेस ओमॅली केलंय. गलबतांचा ताफा बाळगून होती, आणि 1593 मध्ये पकडलेल्या मुलाला सोडवायला थेट ग्रिनिचला जाऊन पहिल्या एलिझाबेथ राणीला भेटली. मी चिपळूणची, मला आंग्रे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

‘ग्रेस’ हा प्रकारही समजून घ्या, कारण जुनं इंग्रजी नाव आणि मूळ आयरिश नाव यांचा अर्थाने संबंध असेलच असं नाही. इंग्रजी अंमलात कागदावर आयरिश नाव चालेना, मग कानाला जवळचं इंग्रजी नाव लावून दिलं. ग्रॉन्याची ग्रेस झाली. सोरखा म्हणजे उजळ, तिची सारा झाली. गोबनेट ही कॉर्कमधल्या बॅलीवुर्नीची संत, मधमाश्या पाळणाऱ्यांची पाठीराखी. तिची डेबोरा झाली, कारण हिब्रूत डेबोरा म्हणजे मधमाशी. इथे मात्र कुणीतरी डोकं चालवलं होतं. 1893 मध्ये आयरिश भाषा जगवण्यासाठी गेलिक लीग ही संघटना निघाली, त्यानंतर मूळ रूपं हळूहळू परत आली.

ब्रीडचं मात्र वाईट झालं. ब्रीड किंवा ब्रिगिड ही आधी देवी, मग किल्डेअरची संत. अर्थ उंच, थोर. पण अमेरिकेत घरकामाला गेलेल्या आयरिश मुलींना सरसकट बिडी, म्हणजे याच नावाचं तोडकं रूप, म्हणून चिडवायचे, आणि नावाची चव गेली. आता 1 फेब्रुवारीच्या तिच्या सणासाठी 2023 पासून सरकारी सुट्टी असते. आम्ही पाळणाघरात मुलांकडून लव्हाळ्याचे क्रॉस वळून घेतो, दुपारपर्यंत जमिनीवर नुसता कचरा. नावाला पुन्हा दिवस येतील असं मला वाटतं.

नाव खरंच जुनं आहे का, हेही तपासा. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य, पण नाव म्हणून ते विसाव्या शतकातलं, स्वातंत्र्यलढ्यानंतरचं. फिओना हे जेम्स मॅकफर्सन या स्कॉटिश लेखकाने अठराव्या शतकात ‘पांढरा, गोरा’ या अर्थाच्या गेलिक शब्दावरून घडवलं. कॉलीन अमेरिकेत आयरिश म्हणून मिरवतं, पण त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘मुलगी’. इथे तसं नाव ठेवलेलं क्वचितच दिसेल. शिवॉन आणि शिनेड मूळच्या नॉर्मनांच्या, ज्याचं इंग्रजीत जोन आणि जॅनेट झालं त्याच नावाच्या लेकी. क्लोडा ही वॉटरफर्डकडची नदी. नदीचं नाव मुलीला ठेवणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. फीआ म्हणजे रानातली, हरीणही. सरकारी आकडेवारीत 2021 मध्ये मुलींत ते पहिलं आलं, आणि माझ्या खुंट्यांवरही ते दिसतंच.

आता मराठी घराचा हिशेब. बारशाला आत्या कानात कुर्रर करणार, तिच्या तोंडात नाव बसलं पाहिजे. त्या कसोटीला सगळ्यात आधी उतरते शीला. हो, आपलीच. आयरिशमध्ये एस-आय-एल-ई, ‘आय’वर फादा, उच्चार शीला. मूळ लॅटिन सेसिलिया, म्हणजे आपल्या शीलाशी काही नातं नाही, पण दोन्हीकडच्या आज्या खूश. तारा ही मीथमधली टेकडी, आयर्लंडच्या राजांची गादी. मोना हेही इथलं जुनं, मूळ अर्थ थोर. कीरा म्हणजे काळ्या केसांची, आपली श्यामल. ऊना गोड आहे, पण आमच्या ओळखीच्या एका मावशींनी ऐकताच ‘उणी कशाला ठेवता?’ असं विचारलं. विचार करून ठेवा.

मुलीला आयरिश माध्यमाच्या शाळेत, गेलस्कॉलमध्ये घालायचं असेल तर आणखी एक गंमत. आयरिशमध्ये हाक मारताना नावाचं पहिलं अक्षर मऊ होतं. शिनेडला हाक मारताना ‘अ हिनेड’, शीलाला ‘अ हीला’. मॉऱ्याची ‘अ व्हॉऱ्या’ होते. स्कॉटलंडमध्ये तर या हाकेतूनच वारी हे वेगळं नाव निघालं, मारीला हाक मारता मारता. हे नको असेल तर स्वराने किंवा र, ल, न यांनी सुरू होणारं नाव घ्या: ईफा, ऑन्या, रोशीन, नीव. ती बदलत नाहीत. रोशीन म्हणजे छोटा गुलाब, आणि ‘काळी रोशीन’ म्हणजे गाण्यांतला आयर्लंड देश. चांगल्यापैकी वजनदार नाव आहे ते.

आडनावातही मुलगी वेगळी दिसते. भाऊ ‘ओ’ लावतो, बहीण ‘नी’, म्हणजे अमुकच्या घरची लेक, आणि त्यापुढचं अक्षर पुन्हा मऊ. डॉनेगॉलची गायिका एन्या जन्मनावाने एन्या नी व्रीनॉन, तिच्या भावाचं आडनाव ओ ब्रीनॉन. आपल्या आडनावांना हे लागू नाही, पण शाळेत बहीण-भाऊ वेगळ्या आडनावांनी दिसले तर चकित होऊ नका.

शेवटी कागद. जन्माची नोंद तीन महिन्यांच्या आत करायची असते. फॉर्मवर फादा ठळक द्या, रेघ कुठल्या स्वरावर आहे ते समोरच्याला बोट ठेवून दाखवा, आणि दाखला हातात येताच काउंटरवरच वाचा. विमानाच्या तिकिटावर फादा येत नाही, तिथे अडून बसू नका. दाखल्यावर तो राहिला असेल तर मात्र तिथून हलू नका.