कुणाला काय येतं, हे असं काढून घ्या

मदत गटाच्या बैठकीत "तुम्हाला काय येतं?" असं विचारू नका, सगळे माना खाली घालतात. "गल्लीतले लोक तुमच्याकडे कशासाठी येतात?" असं विचारा. सांगलीतल्या आमच्या पूरमदत गटात एक काकू नुसत्या भाकरी थापायच्या. या प्रश्नावर कळलं, अख्ख्या गल्लीचे बँकेचे आणि विम्याचे फॉर्म त्याच भरतात! आता पंचनाम्याचे कागद जुळवायला आम्ही त्यांच्याच शेजारी टेबल मांडतो.

उत्तरं साध्या वहीत उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलीत तर 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडली जातात. नाव, काय येतं, कधी मोकळे आणि चौथा रकाना: शिकवाल का? खरी मेख इथंच आहे. नाहीतर ज्याला येतं त्याच्याच गळ्यात काम पडतं आणि तो पुढच्या वर्षी येईनासा होतो. फोन नंबर मात्र विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका.

हे सगळं मे महिन्यात उरका. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४० फुटांची इशारा पातळी गाठली, की वही चाळायला कुणाला सवड? ज्या कामापुढे एकच नाव असेल, तिथं पेन्सिलीनं दुसरं लिहा आणि दोघांना जून लागायच्या आत एकदा एकत्र बसवा.