निवट्या बघायच्या कशा?

निवटी बघायला होडी लागत नाही, गळ लागत नाही, पोहता आलं नाही तरी चालतं. ती आपणहून पाण्याबाहेर येते. हा गोबी माशांच्या गोतावळ्यातला मासा. खाडीच्या चिखलावर फिरतो, चरतो, भांडतो. ठाणे-मुंबईपासून तळकोकणापर्यंतच्या खाड्यांत तो आहे. तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांची त्याच्याशी ओळख बाजारातल्या टोपलीपलीकडे गेलेली नसते. याचं मुख्य कारण म्हणजे आपण खाडीवर चुकीच्या वेळी जातो.

आधी वेळ काढा. भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, पण कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, सकाळी नऊच्या पुढे. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर वाढतो.

माझ्या मते तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम. उधाणाचा जोर अजून टिकून असतो, त्यामुळे पाणी लांबवर हटतं, आणि ओहोटी सकाळच्या बऱ्या वेळेला येते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. चिखल कमी उघडा पडतो आणि ओहोटी येते भर दुपारी. ते दिवस सोडून द्या. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी जागेवर असलात की पुरे.

जागा काठावरची निवडा. खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीचा बांध, जेटी, छोटा पूल, जिथून मऊ चिखलाचा उतार आणि मागे तिवरांची रांग दिसेल अशी कोणतीही जागा चालेल. वाळूचा किनारा नको. निवटीला बीळ खणता येईल असा लोण्यासारखा चिखल लागतो. शहरातल्यांसाठी ठाणे खाडी आहेच. २०२२ साली तिला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्थान मिळालं. लोक तिथे रोहित पक्षी बघायला जातात आणि काठाजवळच्या चिखलावरून नजर उडवून पुढे बघतात.

चिखलात मात्र उतरू नका. वरून घट्ट दिसणारा थर मांडीपर्यंत आत घेतो. शिवाय पाय पडतो तो त्यांच्या घरावर.

बसा आणि हलू नका. हीच पायरी लोकांना जमत नाही. निवटीचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात, आणि बगळा, खंड्या, घार यांच्या धाकात जगणाऱ्या माशाला वरून येणारी सावली लगेच कळते. तुम्ही पोहोचताच सगळा चिखल रिकामा होईल. होऊ द्या. आपली सावली चिखलावर पडणार नाही अशा बाजूला बसा, भडक कपडे टाळा, बोलू नका. दहा-पंधरा मिनिटांत बिळांच्या तोंडाशी डोळ्यांच्या जोड्या वर येऊ लागतात. साधी दुर्बीण असली तर मजा दुप्पट.

आता काय बघायचं? आधी चाल बघा. पुढचे दोन पर कुबड्यांसारखे टेकवून ती अंग पुढे ओढते. घाई असली की शेपटी झटकून उडी. डोळे मधूनच खाली बुडतात आणि परत वर येतात. ही तिची पापणी मिटण्याची रीत. खालच्या ओलसर खोबणीत डोळा भिजून निघतो. श्वासासाठी ओली कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर कामी येतं, कल्ल्यांच्या पोकळीत पाणीही धरलेलं असतं. म्हणून ती अधूनमधून थारोळ्यात लोळते.

मग ती खाते काय ते पाहा, कारण त्यावरून जात ओळखता येते. मोठी, राखाडी-हिरवट निवटी डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचा शेवाळी थर खरवडत असेल, तर ती बोलिओफ्थॅल्मस या शास्त्रीय नावाच्या गटातली. त्यातली आपल्याकडची ड्युसुमिएरी ही जात वीतभर होते. तिवरांच्या मुळांजवळ, काठाच्या बाजूला, त्याहून छोटी आणि चपळ निवटी किडे नि बारीक खेकडे टिपताना दिसली तर ती बहुधा पेरिओफ्थॅल्मस.

दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर शिडासारखा उभा राहतो, तोंडं वासतात, उड्या मारल्या जातात. शेजाऱ्यांची हद्दीवरून होणारी भांडणं कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नकोत! कुवेतच्या किनाऱ्यावर तर निवट्या आपल्या हद्दीभोवती चिखलाचे बांध घालतात, हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

दिसत नाही ते बिळात चालतं. जपानमधल्या एका जातीवर याचा बारकाईने अभ्यास झाला. बिळातल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून नर तोंडात हवा भरून आत नेतो आणि अंड्यांच्या खोलीत सोडतो. अंडी छताला चिकटलेली असतात. पिल्लं तयार झाली की तोच नर रात्रीच्या भरतीला ती हवा बाहेर काढतो, खोलीत पाणी शिरतं आणि अंडी फुटतात. एक पाऊल चुकीचं पडलं तर काय मोडतं, ते यावरून समजा.

मुलं सोबत असतील तर बाटलीत एक घेऊन जाण्याचा हट्ट होईलच. नळाच्या गोड्या पाण्यात निवटी टिकत नाही, आणि काचेच्या टाकीत तिला ना चिखल, ना भरती. खायची असेल तर बाजारातून घ्या, खाडीकाठच्या बायकांचा तो धंदा आहे.

पाणी वळलं की छोट्या निवट्या त्याच्या पुढे काठाकडे सरकू लागतात आणि मोठ्या बिळात शिरतात. तुमची परतीची वाट खाजणातून असेल, तर त्याआधीच उठा. भरतीचं पाणी समोरून दिसतं, पण चरांमधून ते पाठीमागे आधी भरलेलं असतं.