न आलेल्या रुग्णांची यादी आधी काढा

मी बरीच वर्षं ओपीडीत नर्स आहे. आरोग्यसेवा सगळ्यांपर्यंत नीट पोचते का हे कसं ओळखायचं, असं नव्या मुली विचारतात, तेव्हा मी त्यांना रजिस्टर उघडायला सांगते. बाकावर बसलेल्यांकडे बघून काही कळत नाही, ते पोचलेलेच असतात. तारीख देऊनही जे आले नाहीत त्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवा.

मग प्रत्येक नावापुढे लिहा, माणूस अडला कुठे. तानाहाशी या आरोग्यसेवेच्या अभ्यासकांनी १९७८ साली याच्या पायऱ्या मांडल्या आहेत: सेवा उपलब्ध आहे का, तिथवर जाता येतं का, ती माणसाला पटते का, तो आला का आणि त्याला गुण आला का. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. ‘इतक्या रुग्णांना तपासलं’ हा आकडा गुण आला की नाही ते सांगतच नाही, म्हणून त्यावर समाधान मानू नका.

रक्तदाबाच्या एका आजोबांच्या नावापुढे आम्ही तीनदा ‘अनियमित’ लिहिलं होतं. ते रात्रपाळीचे पहारेकरी. सुटून येईपर्यंत आमची केसपेपरची खिडकी बंद झालेली असायची. मला फार वाईट वाटलं. तो शब्द खोडून मी ‘वेळ जुळत नाही’ असं लिहिलं. तुम्हीही माणसाचा दोष लिहू नका, अडथळा लिहा. दोष लिहिला की काम तिथंच संपतं.

एकदा तरी रुग्णासोबत फाटकापासून औषधांच्या खिडकीपर्यंत जा. व्हीलचेअरवरच्या एका बाईंबरोबर मी गेले. रॅम्प चांगला होता, पण वजनकाटा उभं राहून वापरायचा. त्यांचं वजन दर वेळी अंदाजानं लिहिलं जात होतं, आणि काही औषधांचा डोस वजनावरच ठरतो! काटा सगळ्यांना एकच होता, पण न्याय सगळ्यांना मिळत नव्हता.

उपकरणांवरही डोळे झाकून विसंबू नका. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये कमी झालेला ऑक्सिजन नजरेतून सुटण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट आढळलं.

सगळेच फरक अन्यायाचे नसतात. वयानं नजर अधू होणारच. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाला मिळते आणि दुसरा आंधळा राहतो, हे टाळता येण्यासारखं आहे. ज्यांना गरज जास्त त्यांच्याच वाट्याला चांगली सेवा कमी येते, हे ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय.

यादी झाली की फोन करा. ‘का आला नाहीत?’ असं विचारलं तर माणूस माफी मागतो आणि फोन ठेवतो. ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’ असं विचारा आणि मधे न बोलता ऐका.