टेस्टर पेटला नाही, तरी काळ्या वायरला हात लावू नका

आयटीआयचा वायरमन ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा माझ्या पिशवीत पक्कड, दोन डिसमिस, टेस्टर आणि टेपचं एक बंडल होतं. आता बॅगेत बरीच हत्यारं आहेत आणि तेव्हा तीन दिवस खाणारं काम आज दीड दिवसात उरकतं. हाताखाली येणारी पोरं विचारतात, "दादा, आधी काय घेऊ?" बहुतेकांचा जीव भिंतीत झिरी मारणाऱ्या वॉल कटरमध्ये नाहीतर बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये अडकलेला असतो. मी सांगतो, आधी क्लॅम्प मीटर घ्या, वायरीभोवती जबडा अडकवून तिच्यातला करंट मोजणारं. त्याचं कारण माझ्या डाव्या मनगटात आहे.

स्वतःची कामं घ्यायला लागून चार महिने झाले होते. सांगलीतला एक जुना फ्लॅट, हॉलचा पंखा मध्येच बंद पडायचा. हॉलचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्या खोलीची लाइन तोडणारा खटका, पाडला, घोड्यावर चढलो, जंक्शन बॉक्स उघडला. खिशात नवा कोरा पेन टेस्टर होता, वायरला न टेकवताच वाजणारा. सगळ्या वायरींवरून फिरवला, कुठेच वाजला नाही. काळ्या वायरींचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या न्यूट्रलचा, पीळ सैल दिसत होता. तो नीट करायला सोडवला. दोन टोकं दोन हातांत आली आणि पुढचं मला आठवतं ते फरशीवरचं. मनगट मोडलं. पाच आठवडे काम नाही, आणि घरी कमावणारा मी एकटा.

झालं काय होतं, ते सावकाश वाचा. त्या घरात बेडरूमच्या पंख्याची फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, वेगळ्या एमसीबीवरून गेली होती, पण त्याची न्यूट्रल मात्र हॉलच्या बॉक्समधल्या त्याच पिळातून परत येत होती. कुणीतरी कधीतरी वायर वाचवण्यासाठी जवळची न्यूट्रल उचलली होती. एक पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो. म्हणजे हॉल बंद, पण काळ्या वायरीतून बेडरूमच्या पंख्याचा करंट वाहतोच आहे. न्यूट्रल तिकडे ट्रान्सफॉर्मरवर अर्थला बांधलेली असते, म्हणून जोड शाबूत असेपर्यंत तिच्यावर व्होल्टेज जवळजवळ शून्य. निऑन टेस्टर, पेन टेस्टर, मल्टीमीटर, तिघेही "काही नाही" असंच सांगणार, आणि खरंच सांगणार. जोड सोडवला की मात्र पंख्याकडचं टोक वाइंडिंगमधून थेट २३० व्होल्टवर येतं. तपासलं तेव्हा मेलेली असलेली वायर तुमच्या हातात जिवंत होते.

आणखी एक. अशा वेळी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा खटका) वाचवेल या भरवशावर राहू नका. दोन टोकं दोन हातांत असतील तर करंट तुमच्या छातीतून जाऊन न्यूट्रलनेच परत जातो. आरसीसीबी गेलेला आणि आलेला करंट मोजतो, त्याला फरकच दिसत नाही. तो पडत नाही.

व्होल्टेज दाखवणारं हत्यार करंट दाखवत नाही. मला हे आयटीआयमध्ये पाठ होतं, बॉक्ससमोर मात्र ते डोक्यात आलं नाही. म्हणून क्लॅम्प मीटर. काळा जोड सोडवण्याआधी एकेका काळ्या वायरीभोवती जबडा घाला. पंख्याला साधारण पाव ते तीन दशांश अँपिअर येतो, तो दिसतो. छोट्या एलईडीचा करंट स्वस्तातल्या मीटरवर दिसेलच असं नाही, म्हणून शेजारच्या खोल्यांतले पंखे मुद्दाम चालू करून बघा. आकडा आला की समजा, ही न्यूट्रल दुसऱ्या कुणाचीतरी आहे. आकडा शून्य आला तरी मोकळे झालात असं समजू नका. आत्ता शून्य आहे, पण दोन मिनिटांनी आजी उठून पंखा लावतील. न्यूट्रल सोडवायची असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा मेन पाडायचा, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि घरच्यांना बजावायचं. मग टेस्टर आधी चालू लाइनवर, मग कामाच्या वायरीवर, मग परत चालू लाइनवर, म्हणजे टेस्टर स्वतः चालतोय हे कळतं. मेन पाडलेला असतो म्हणून चालू लाइनसाठी मेनची वीज मीटरकडची बाजू वापरा.

इन्व्हर्टर असेल तर दुप्पट सावध. प्लग उपटला म्हणजे तो बंद झाला असं नव्हे, तो बॅटरीवर जातो. समोरचं बटण बंद केलं तरी बहुतेक मशिनांत मेनची लाइन आरपार जातेच. मेन आणि बटण, दोन्ही बंद हवीत.

हेच मीटर वेळही वाचवतं. आरसीसीबी सारखा पडतो अशा तक्रारीत पूर्वी माझे दोन-दोन दिवस जायचे, प्रत्येक बोर्ड खोलायचो. आता एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात धरतो. सगळं बरोबर असेल तर दोन्ही करंट एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं. आकडा उरला तर करंट दुसऱ्या वाटेने परत जातोय, म्हणजे उसनी न्यूट्रल किंवा गळती. बारीक गळतीला मिलीअँपिअर दाखवणारा वेगळा क्लॅम्प लागतो, तो महाग आहे, सुरुवातीला नको.

बाकी हत्यारांचं थोडक्यात. वायर स्ट्रिपर लगेच घ्या. दातांनी किंवा ब्लेडने सोलताना २.५ चौरस मिमीच्या वायरीतल्या चार-पाच बारीक तारा तुटतात, आणि गीझरचा प्लग जळतो तो तिथेच. वायर ओढायला पाइपात घालायची स्प्रिंग चांगल्या प्रतीची घ्या. ती अर्ध्यात अडकली की सकाळ गेली. लिव्हर कनेक्टर, म्हणजे खटका उचलून वायर जोडायचे-सोडवायचे तुकडे, मला फार आवडतात, कारण सहा महिन्यांनी दुरुस्तीला गेलं की टेप खरवडत बसावं लागत नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर झटपट आहे, पण न्यूट्रल आणि अर्थ उलटे जोडले असतील तरी तो सगळं बरोबर असल्यासारखेच दिवे लावतो. वॉल कटर दोन वर्षं भाड्याने आणा. धूळ नाकात जाते, मास्कशिवाय चालवू नका. मल्टीमीटरवर तुटक्या वायरीत साठ-सत्तर व्होल्ट दिसले तर घाबरू नका, बहुधा शेजारच्या वायरीमुळे येतात ते. तारेचा जुना बल्ब लावून बघा, तसं असेल तर पेटत नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. "न्यूट्रलला काय होतंय" म्हणत उघड्या हाताने काळी वायर धरणारा मिस्त्री कितीही हुशार असो, त्याच्या हाताखाली राहू नका. मी राहिलो होतो. ते फार प्रेमळ होते, रोजंदारी वेळेवर द्यायचे, आणि त्यांचं पाहून मीही तसाच झालो. नवीन बिल्डिंगच्या साइटवर झिरी मारून हात तयार होतो, पण डोकं तयार होतं ते जुन्या घरांच्या दुरुस्तीत. तिथे नेणारा कुणी भेटला तर पैसे कमी मिळाले तरी जा.

आणि हे वाचून काम सोडायचा विचार करू नका. मनगट बरं झाल्यावर पहिल्यांदा बॉक्स उघडला तेव्हा माझे हात कापत होते. घोड्यावरून खाली उतरलो, पाणी प्यायलो, परत चढलो. महिनाभर तसंच चाललं, मग थांबलं. भीती वाटणारी पोरं मला जास्त चालतात, ती निदान विचारतात तरी.

आता मी कुठल्याही घरात गेलो की बॅग ठेवण्याआधी घरातल्या बाईंना विचारतो, "ताई, लाइट गेली की कुठला पंखा चालू राहतो?" त्या बोटाने दाखवतात, आणि मी पहिला जबडा त्याच पंख्याच्या काळ्या वायरीला लावतो.