माउसने गिरवता येईल अशी पाटी: पायथनमध्ये माउसचे इव्हेंट कसे हाताळावेत

माउसचे बटण दाबून धरून पडद्यावर अक्षर गिरवणे ही वापरणाऱ्याच्या दृष्टीने एकच कृती असते, पण प्रोग्रॅमला ती तीन वेगवेगळ्या इव्हेंटच्या रूपात कळते: बटण दाबले, माउस सरकला, बटण सोडले. या तिन्हींची सांगड घालण्याचे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे असते आणि शिकताना बहुतेकांची गफलत तिथेच होते. म्हणून मुलांना अक्षरे गिरवता येतील अशी एक छोटी पाटी तयार करत हे समजून घेऊ. त्यासाठी पायथन आणि त्याच्यासोबतचे टीकेइंटर, म्हणजे पडद्यावर खिडक्या व बटणे तयार करणारी लायब्ररी, पुरेसे आहे; लिनक्सच्या काही प्रकारांत मात्र टीकेइंटर वेगळे इन्स्टॉल करावे लागते. पुढे येणारी सगळी नावे कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

प्रथम खिडकी उघडून तिच्यात ६०० पिक्सेल रुंद व ४०० पिक्सेल उंच असा काळा कॅनव्हास, म्हणजे चित्र काढण्याची जागा, बसवावा. कॅनव्हासचा आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वायची किंमत खाली जाताना वाढते, म्हणजे शाळेतल्या आलेखाच्या कागदाच्या नेमकी उलट.

यानंतर कॅनव्हासच्या ‘बाइंड’ या पद्धतीने इव्हेंट आणि फंक्शन यांची जोडणी करावी. डावे बटण दाबण्याला ‘बटन-१’, ते दाबून धरून सरकवण्याला ‘बी१-मोशन’ आणि सोडण्याला ‘बटनरिलीज-१’ अशी नावे आहेत. ती कोनदार कंसांत आणि पुन्हा अवतरणचिन्हांत लिहावी लागतात. फंक्शनचे नाव देताना त्यापुढे कंस देऊ नयेत, कारण कंस दिले की फंक्शन जोडले जाण्याऐवजी त्याच क्षणी चालवले जाते. माउसची हालचाल झाली की टीकेइंटर हे फंक्शन स्वतः बोलावते आणि त्याला एक इव्हेंट-वस्तू देते. तिच्या एक्स आणि वाय या गुणधर्मांत माउसचे कॅनव्हासवरील स्थान असते.

आता मुख्य काम. माउस सरकेल तिथे एकेक ठिपका काढावा, असे सहज सुचते. तसे करून अवश्य पाहावे: हात सावकाश फिरवला तर रेघ उमटते, भरभर फिरवला तर नुसते सुटे ठिपके पडतात. माउसच्या वाटेतल्या प्रत्येक पिक्सेलची खबर प्रोग्रॅमला मिळत नाही. काही अंतराने मिळते. त्यामुळे मागचा बिंदू लक्षात ठेवून तिथपासून आताच्या बिंदूपर्यंत ‘क्रिएट-लाइन’ने (create_line) ४ पिक्सेल जाडीची पांढरी रेघ काढावी आणि मग आताच्या बिंदूलाच मागचा बिंदू करावे. मागचा बिंदू फंक्शनबाहेरच्या चलांत ठेवला असेल, तर त्यांना नवी किंमत देण्यासाठी फंक्शनमध्ये ‘ग्लोबल’ लिहिणे आवश्यक आहे. रेघेची टोके गोल ठेवली की वळणांवर सांधे दिसत नाहीत.

एवढ्यावर पाटी तयार झाली असे समजून मी पहिल्यांदा ‘म’ काढला. दंड खालपर्यंत ओढून हात उचलला आणि शिरोरेघ काढायला डावीकडे नेला, तर दंडाच्या पायथ्यापासून शिरोरेघेच्या डाव्या टोकापर्यंत अक्षराच्या मधून एक तिरकी रेघ उमटली. बटण नव्याने दाबताना मागचा बिंदू बदलायचा राहिला होता. ‘बटन-१’च्या फंक्शनचे खरे काम हेच आहे: बटण दाबले त्या जागेलाच मागचा बिंदू मानणे.

बटण दाबलेले असताना माउस कॅनव्हासबाहेर गेला, तरी सरकण्याचे आणि सोडण्याचे इव्हेंट कॅनव्हासलाच मिळत राहतात. तेव्हा एक्स उणे असू शकतो किंवा ६००च्या पुढे जाऊ शकतो, याची नोंद ठेवावी. या पाटीत त्याने काही बिघडत नाही. परंतु त्या आकड्यांवर पुढे गणित करायचे असेल, तर आधी ते मर्यादेत आणावेत.

पाटी पुसण्यासाठी उजवे बटण, म्हणजे विंडोज आणि लिनक्सवर ‘बटन-३’, सोयीचे पडते; त्याच्या फंक्शनमध्ये कॅनव्हासवरील सगळे ‘डिलीट’ करावे. या कामाला डाव्या बटणाचा डबल-क्लिक वापरणे मी टाळतो, कारण डबल-क्लिकच्या आधी साध्या क्लिकचा इव्हेंटही येतो आणि त्याला जोडलेले काम होऊन जाते. इव्हेंटच्या फंक्शनमध्ये वेळखाऊ कामही ठेवू नये. ते संपेपर्यंत खिडकी प्रतिसाद देत नाही.

शेवटी ‘अंक’ हा शब्द लिहून पाहावा. अक्षरे नीट उमटतील, पण अनुस्वार उमटणार नाही. बटण दाबून न सरकवता सोडले तर ‘बी१-मोशन’ येतच नाही आणि रेघेला दुसरा बिंदू मिळत नाही. म्हणून बटण दाबण्याच्या फंक्शनमध्येच, दाबलेल्या जागेच्या चारही बाजूंना दोन-दोन पिक्सेल सोडून ‘क्रिएट-ओव्हल’ने (create_oval) एक भरीव पांढरा गोल काढावा. त्याचा व्यास रेघेच्या जाडीइतकाच असल्याने इतर अक्षरांच्या सुरुवातीला तो वेगळा जाणवत नाही आणि अनुस्वार जागेवर बसतो.