एक्स्टर्नल हार्ड डिस्कची तब्येत वाचता येत नाही, तेव्हा काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी दुसरी डिस्क हाताशी हवी, रिकामी आणि पुरेशी मोठी. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून जोडलेली डिस्क दिसली नाही की आपण लगेच दुसरं सॉफ्टवेअर शोधायला लागतो. थांबा. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी उतरवून घ्या: लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तेही करू नका. ती बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

मग वीज आणि केबल. अडीच इंची डिस्क हबला किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला न लावता मागच्या यूएसबी ३ पोर्टला लावा. तिथे ९०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी २ ला ५००च. साडेतीन इंचीसाठी तिचाच मूळ अडॅप्टर शोधून ठेवा.

आता खरी अडचण. केसमधल्या डिस्कला साटाची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत डिस्क थेट जोडायच्या पद्धतीची, भाषा कळते, कॉम्प्युटरकडून येते यूएसबी, आणि मध्ये एक ब्रिज चिप बसलेली असते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायचे आदेश या चिपने पुढे धाडले तरच आकडे दिसतात. म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून त्या चिपचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी लिहून घ्या. स्मार्टमॉनटूल्स या स्मार्ट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला चिपवरून ठरणारा डिव्हाइसचा प्रकार सांगावा लागतो: बहुतेकांना ‘सॅट’ चालतो, काही जुन्या जेमायक्रॉन चिपांना वेगळा, एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीच्या केसना आणखी वेगळा. लिनक्सवर काही सीगेट डिस्क यूएएस या यूएसबीच्या वेगवान ड्रायव्हरमुळे गप्प राहतात. त्या डिस्कपुरता यूएएस बंद केला की बऱ्याचदा आकडे येतात. मॅकवर यूएसबीतून स्मार्ट वेगळा ड्रायव्हर टाकल्याशिवाय वाचता येत नाही. त्यासाठी कुणाचा तरी विंडोज लॅपटॉप मागून ठेवणं सोपं.

केस उघडून डिस्क थेट साटाला लावायचा मोह होईल. वॉरंटी जाईलच, शिवाय वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कवर साटाचं टोकच नसतं, यूएसबी बोर्डावरच असतं. काही केसमधली चिप डेटा एन्क्रिप्टही करते. अशी डिस्क बाहेर काढली की विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारतं. कृपा करून नाही म्हणा, डेटा तिथेच आहे.

आकडे दिसले की वहीत तारखेसह यादीतल्या या चार क्रमांकांचे नोंदवा: ५ (बदललेले खराब सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर), १९८ (वाचता न आलेले सेक्टर) आणि १९९ (जोडणीतल्या चुका). क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, दाखवतं, ते सेटिंगमधून दशमान करून घ्या. पहिले तीन शून्य असावेत. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केसमधल्या साटाच्या जोडणीत असतो, बाहेरची यूएसबी केबल बदलून तो जाणार नाही. सीगेटच्या रीड एररचा अवाढव्य आकडा बघून मात्र घाबरू नका, तो तसाच असतो. आणि ‘गुड’ दिसलं म्हणून दुसरी प्रत पुसू नका: गूगलच्या २००७च्या अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार ठळक खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

शेवटी मोठी सेल्फ टेस्ट, म्हणजे स्मार्टमॉनटूल्समधून सांगितल्यावर डिस्क स्वतःलाच पूर्ण तपासते ती. तिला कित्येक तास लागतात, त्यामुळे रात्रीची लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा. काही केस थोड्या वेळाने डिस्कलाच झोपवतात आणि टेस्ट अर्धवट तुटते. तसं झालं तर दर मिनिटाला स्थिती विचारणारी छोटी स्क्रिप्ट सोबत चालू ठेवा.