सुटलेला आठवडा

नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स करणाऱ्याला जो तो विचारतो, "वेळ कसा काढतोस?" वेळ निघतो हो. कोर्स सुटतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

एक आठवडा चुकतो. घरात कुणी आजारी पडतं, ऑफिसात कामाचा ढीग येतो, काहीही. नंतर लॉगिन करावं तर समोर दोन आठवड्यांचे धडे. आपण पडलो शाळेत शिस्तीने वाढलेले, त्यामुळे ठरवतो की आधी मागचं संपवू, मग पुढचं. मागचं संपेपर्यंत चालू आठवडा हातचा जातो. मग सगळी भिस्त रविवारवर, आणि रविवार भलत्याच कामात जातो. तारखांच्या पुढे 'मुदत संपली' दिसायला लागतं आणि माणूस लॉगिनच करेनासा होतो. विषय डोक्यावरून जातो म्हणून नव्हे, ते पान उघडायचीच लाज वाटते म्हणून. मी यात चांगलाच रुतलो होतो, म्हणून जरा जास्त बोलतोय.

तर नीट ऐका. सुटलेला आठवडा सुटू द्या. थेट चालू धड्यावर जा. अडलं तर अडलं तेवढ्यापुरता मागचा व्हिडिओ उघडा. गणित किंवा प्रोग्रॅमिंगसारखा पायरीपायरीने चढणारा विषय असेल, तर मागच्या आठवड्याची चाचणी आधी देऊन टाका आणि चुकलेल्या प्रश्नांपुरतंच मागे वळा. यात फसवाफसवी काही नाही. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं होतं, की तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहून काढणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. गंमत म्हणजे आत्मविश्वास वाचणाऱ्यांना जास्त होता! दुप्पट वेगाने व्हिडिओ बघून 'पूर्ण'ची खूण मिळवणाऱ्यांबद्दल माझं मत यावरून ओळखा.

आपण एकटेच कच्चे, असं वाटत असेल तर हे आकडे बघा. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा अभ्यास 2019 मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक कोर्समध्ये पाऊलच ठेवत नाहीत. 2017-18 मध्ये सगळ्यांचा हिशोब धरला तर पूर्ण करणारे जेमतेम 3 टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 46 टक्के. म्हणजे पैसे भरले की माणूस टिकतो असं म्हणणाऱ्यांनी उरलेल्या निम्म्याहून जास्त लोकांचंही सांगावं. शिवाय ज्याला मुळातच तड लावायची असते, तोच खिशात हात घालतो, हेही आहेच.

मग टिकवतं काय? माझ्यापुरतं सांगायचं तर हातातलं काम. एक्सेलमधल्या पिव्होट टेबलचा, म्हणजे लांबलचक यादीचा गोषवारा काढून देणाऱ्या तक्त्याचा, धडा मी कोर्सच्या फाइलवर केला, सगळं चकाचक आलं आणि विसरूनही गेलो. तेच ऑफिसच्या फाइलवर करायला गेलो, तर रकमेची बेरीज यायच्या जागी नुसती नोंदींची संख्या यायला लागली. शोधता शोधता सापडलं: रकमेच्या रकान्यात कुणीतरी आकड्याऐवजी 'बाकी' लिहून ठेवलं होतं. कोर्सच्या धुतल्या तांदळासारख्या फाइलमध्ये असलं काही भेटतच नाही. तो रकाना साफ केला, बेरीज आली, आणि त्या संध्याकाळी पुढचा धडा उघडायला कुणी सांगावं लागलं नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स प्रौढशिक्षणाबद्दल हेच मांडत असत: मोठ्या माणसाला विषय नको असतो, त्याला समोरचा प्रश्न सोडवायचा असतो. म्हणून नाव नोंदवण्याआधी स्वतःची एक फाइल, एक अडलेलं काम हाताशी ठेवा. ते नसेल तर कोर्स घेऊच नका. बढतीचं स्वप्न महिनाभर पुरतं, फार तर.

दुसरं, वाट बघणारं कुणीतरी हवं. शेकडो जणांचा ग्रुप नको. तिथे सुप्रभात आणि फुकटच्या पीडीएफ एवढंच चालतं. एकच माणूस, जो शनिवारी विचारेल, "काय केलंस, दाखव." त्याला विषय येत नसला तरी चालेल, उलट बरंच. समजावून सांगताना आपली पोकळी आपल्यालाच दिसते.

मेंटॉर म्हणवणाऱ्यांपासून मात्र जपून. प्रेरणा विकणारे पुष्कळ, तुमची चुकलेली ओळ वाचणारे थोडे. पैसे द्यायचेच तर त्या दुसऱ्याला द्या, आणि आधी एक गृहपाठ तपासून घ्या. "छान, असंच चालू ठेवा" एवढंच परत आलं, तर तिथेच थांबा.

आणि मधेच सोडावासा वाटला तर सोडा. हवं ते चौथ्या धड्यात मिळालं असेल आणि काम अडत नसेल, तर उरलेल्या आठ धड्यांचं तुम्ही कुणाचं काही लागत नाही.